स्टिअरिंगवरची दांडी

ज्याने फियाट किंवा अँबेसिडर वर्षानुवर्षे चालवली, त्याचा डावा हात आजही अधूनमधून स्टिअरिंगच्या मागे दांडी चाचपतो. गिअर तिथेच असायचा. दांडी आपल्याकडे ओढायची किंवा पुढे ढकलायची, मग वर नाहीतर खाली. पुढच्या सलग बाकावर ड्रायव्हरच्या शेजारी दोघे बसायचे, तिसरा अर्धा दाराबाहेर. मधल्याच्या गुडघ्याला मात्र गिअर लागत नसे. गंगापूर ते लासूर स्टेशन अशा रस्त्यावर ही सोय काय होती, हे त्या बाकावर दाटीने बसलेल्यालाच कळेल.

बाक मोकळा ठेवायचा, हाच या रचनेचा मूळ हेतू. १९३८-३९च्या सुमारास अमेरिकन मोटारींनी गिअरची दांडी जमिनीतून उचलून स्टिअरिंगच्या खांबावर नेली. तिथल्या पिकअप ट्रकांनी तर तीन गिअरची ही पद्धत १९८७ पर्यंत सोडली नाही. आपल्याकडे बहुतेक ट्रकांची दांडी जमिनीतूनच येत राहिली. स्टिअरिंगवरचा गिअर रुजला तो मोटारींत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे तिचीच पद्मिनी निघाली. अँबेसिडर बंगालातल्या उत्तरपाड्याहून यायची, २०१४ पर्यंत येत राहिली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच, २०२३च्या ऑक्टोबरअखेर, रस्त्यावरून उतरली. खेड्यापाड्यांत मात्र अशा गाड्या कुणाच्या तरी शेडमध्ये, ताडपत्रीखाली, अजून सापडतात. आणि ज्याच्याकडे आहे त्याची तक्रार ठरलेली: दांडी खुळखुळते, गिअर सापडत नाही.

इथे बहुतेक जण वरच्या दांडीलाच दोष देतात. दिसते तीच ना! पण गिअरबॉक्स तिच्यापासून दोन-तीन हात लांब आहे. मधला पल्ला असा: दांडी एका पिनीवर डुलते, ती खांबाला लागून असलेली नळी किंवा रॉड फिरवते आणि वरखाली सरकवते, तळाशी आखूड लिव्हर, त्यांना जोडलेले आडवे रॉड, आणि शेवटी गिअरबॉक्सच्या अंगावरचे लिव्हर. एक हालचाल गिअरची रांग निवडते, दुसरी प्रत्यक्ष गिअर टाकते. प्रत्येक सांध्यात पिन, बुश, वॉशर, स्प्लिट पिन. एकेका सांध्यात मिलिमीटरपेक्षा कमीच झीज असते, पण सगळ्यांची बेरीज होते आणि लांब दांडीच्या टोकाशी ती कित्येक पटींनी वाढून हाताला लागते. वरची पिन बदलून समाधान होत नाही, ते यामुळे.

जाणता मिस्त्री म्हणूनच आधी पाना उचलत नाही. गाडी सपाट जागी उभी, इंजिन बंद, चाकांना उटी. एकाने आत बसून दांडी हळूहळू हलवायची, दुसऱ्याने बॉनेट उघडून, मग खाली शिरून, बॅटरीच्या उजेडात एकेक सांधा पाहायचा. आधीचा रॉड हलतो आणि पुढचा हलत नाही, तिथे खेळ आहे. बोट ठेवले तर डोळ्यांआधी कळते. स्टिअरिंगचा खांब डॅशबोर्डखाली जिथे पकडीत बसतो, ते बोल्टही तपासायचे. खांबच डुलत असेल तर खालचे बुश बदलून काय होणार? जुन्या अमेरिकन ट्रकांतही अनेकदा दोष दांडीत नसतो, खांबाच्या आतले स्क्रू सैल झालेले असतात.

एक गोष्ट मात्र हमखास सुटते. खांब गाडीच्या बॉडीला बांधलेला, तर गिअरबॉक्स इंजिनासोबत रबरी माउंटिंगवर बसलेला. एक टोक घट्ट, दुसरे थरथरणारे. माउंटिंगचे रबर बसले की इंजिन खचते, आणि कालपर्यंत बरोबर असलेली रॉडची लांबी आज चुकते. नवे बुश घालूनही पहिला गिअर लागेना, अशा गाडीत मी आधी माउंटिंग पाहीन.

खेळ फार वाढला की दोन्ही रांगांचे लिव्हर एकमेकांत अडकतात आणि दांडी जागची हलत नाही. भर रस्त्यात बॉनेट उघडून हाताने लिव्हर सोडवणारा ड्रायव्हर ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी जुनी अँबेसिडर पाहिलीच नाही म्हणायचे. त्यावर काही जण ढिली पिन वेल्डिंगने चिकटवून टाकतात. हा उपाय नव्हे. वळायला हवा तो सांधा बंद झाला की सगळा ताण पुढच्या सांध्यावर जातो, आणि पुढच्या वेळी तुटतो तो रॉड.

बुश बाजारात नसेल तरी गंगापूरकराला फार लांब जावे लागत नाही. वाळूजची औद्योगिक वसाहत याच तालुक्यातली, आणि तिथे लेथ चालवणाऱ्यांची वाण नाही. जुनी पिन आणि लिव्हर सोबत न्यावे, नुसते माप सांगू नये, कारण भोक अंडाकृती झालेले असते. ते आधी गोल करून घ्यायचे, मग त्या मापाचा बुश. नायलॉनचा बुश आवाज कमी करतो आणि स्वतः झिजून पिनीला वाचवतो. गनमेटलचा जास्त टिकतो, पण ग्रीस मागतो. धुळीच्या रस्त्यांवर मी नायलॉनच्या बाजूचा आहे.

गंमत म्हणजे या दांडीचे भाऊबंद याच तालुक्यात जन्मले. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. बजाजच्या जुन्या स्कूटर आणि रिक्षा यांचा गिअर डाव्या मुठीत असतो, तिथून दोन केबली गिअरबॉक्सकडे जातात. केबल ताणली की मूठ पुन्हा ताळ्यावर येते. रिक्षावाला हे स्टँडवर उभ्या उभ्या करतो. मोटारीच्या रॉडला मात्र नटावर फिरवून लांबी जुळवावी लागते.

ती जुळवणी शेवटची. गिअरबॉक्स न्यूट्रलला, दांडीही न्यूट्रलला, आणि दोन्ही तशाच असताना रॉड ओढाताण न करता पिनीत बसला पाहिजे. जोर लावावा लागला तर लांबी चुकली. मग लॉकनट घट्ट, नवी स्प्लिट पिन, ग्रीस. जुनी स्प्लिट पिन सरळ करून पुन्हा घालण्याची काटकसर नको. ती निसटली की रॉडच रस्त्यावर येतो. सगळे गिअर आधी इंजिन बंद ठेवून टाकून पाहायचे, नंतर चालू करून, क्लच पूर्ण दाबून. रिव्हर्स सगळ्यात शेवटी, कारण पुढचे गिअर नीट लागूनही रिव्हर्सला दांडी अडली, तर पुन्हा गाडीखाली शिरणे आले.