एक अब्राहम, तीन धर्म

ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या तिन्ही एकेश्वरवादी धर्मांचा मूळपुरुष एकच: अब्राहम, म्हणजेच इब्राहिम. या धर्मांचं वेगळेपण सर्वांत सुंदर उलगडतं ते त्याने मुलाचा बळी द्यायला निघण्याच्या कथेत.

ज्यूंच्या तोराह या धर्मग्रंथात तो मुलगा इसहाक. ज्यू नववर्षाला फुंकलं जाणारं मेंढ्याचं शिंग याच प्रसंगाशी जोडलं जातं. कुराण मुलाचं नाव सांगत नाही. बहुतेक मुस्लिम त्याला इस्माईल मानतात, बकरी ईद याच प्रसंगाच्या स्मरणाची. ख्रिस्ती परंपरेला तिथे येशूच्या बलिदानाची चाहूल लागते.

येशूपाशी वाटा पुरत्या वेगळ्या होतात. ख्रिस्ती त्याला देवाचा पुत्र मानतात, मुस्लिम कुमारी मरियमचा मुलगा आणि थोर पैगंबर. ज्यू त्याला मसीहा, म्हणजे तारणहार, मानत नाहीत; त्यांच्यासाठी मसीहा अजून यायचा आहे.

तरी मूळपुरुष एकच: हेब्रॉन शहरात अब्राहमाच्या मानल्या जाणाऱ्या समाधिस्थळी आज ज्यू आणि मुस्लिम वेगवेगळ्या भागांत प्रार्थना करतात.