ऑझच्या वाळवंटापलीकडील राज्ये

अद्भुतकथा लिहिणाऱ्या लेखकाने एकाहून अधिक काल्पनिक राज्ये निर्माण केली, की त्याच्या निष्ठावंत वाचकांना एक प्रश्न हटकून पडतो. ही राज्ये परस्परांहून सर्वस्वी निराळी, की एकाच भूमीचे निरनिराळे प्रांत? पुस्तकांत याचे उत्तर बहुधा नसते. मग एखाद्या राणीचे नाव, एखादे अरण्य, ओझरता येऊन गेलेला एखादा पाहुणा, एवढ्या आधारावर तर्काचे मजले चढू लागतात. अमेरिकन लेखक एल. फ्रँक बॉम यांच्या कथांनी या छंदाला जेवढे खाद्य पुरविले, तेवढे फार थोड्यांनी पुरविले असेल.

बॉम यांचे ऑझच्या जादूगाराचे पुस्तक १९०० साली निघाले. ऑझ म्हणजे चोहोंकडून प्राणघातक वाळवंटाने वेढलेला जादूचा देश. परंतु बॉम यांची प्रतिभा त्या एकाच देशात रमून राहिली नाही. १९०२ साली त्यांनी सांताक्लॉजचे कल्पित चरित्र लिहिले, १९०५ साली इक्स देशाच्या राणी झिक्सीची कथा आणि १९०६ साली आले घालून भाजलेल्या गोड पावाच्या एका जिवंत माणसाची कथा. यांपैकी कोणत्याही कथेचे ऑझवाचून काही अडत नव्हते. मात्र १९०९ च्या ‘द रोड टू ऑझ’ या पुस्तकात राजकन्या ओझ्माच्या वाढदिवसास हे सारे पाहुणे म्हणून हजर झाले आणि एका मेजवानीच्या पंगतीत स्वतंत्र जगे शेजारी बनली. आपल्या इतर पुस्तकांची आठवण बालवाचकांना करून देण्याचा व्यवहारी हेतू त्यात नव्हता, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

पुढील वर्षी बॉम यांनी ऑझमालाच संपविण्याचे ठरविले. १९१० च्या पुस्तकाच्या शेवटी तो देश जादूने अदृश्य झाला आणि बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध तुटला. लेखकाने आता ट्रॉट नावाची मुलगी आणि तिचा सोबती, लाकडी पायाचा खलाशी कॅप्टन बिल, यांच्या नव्या कथा आरंभिल्या. पण त्यांना ऑझची लोकप्रियता लाभली नाही. १९११ साली बॉम यांचे दिवाळे निघाले, आणि मुलांची पत्रे तर येतच होती. अदृश्य देशाची वार्ता बिनतारी तारायंत्राने का मिळू नये, असे एका मुलाने सुचविले, आणि त्याच युक्तीने १९१३ साली ऑझचे दार पुन्हा उघडले. नभोवाणीच्या श्रोत्यांस ही गोष्ट विशेष रुचावी! १९१५ साली ट्रॉट आणि कॅप्टन बिलही ऑझला पोहोचले. तोही बालवाचकांचाच आग्रह होता. तात्पर्य, दोन जगांना सांधणारे दुवे लेखकाइतकेच वाचकांनीही घडविले.

१९१४ च्या पुस्तकात ऑझ आणि शेजारील राज्ये यांचे नकाशे छापले गेले, तेव्हा या शेजाराला जणू सरकारी मोहोरच लागली. त्या नकाशाने एक घोटाळाही करून ठेवला. मंचकिन लोकांचा प्रांत मूळ कथेप्रमाणे पूर्वेस. नकाशात तो डाव्या हाताला, म्हणजे सर्वसाधारण नकाशांत जिथे पश्चिम असते तिथे. ऑझच्या चाहत्यांची संस्था १९५७ साली अमेरिकेत स्थापन झाली. तिने पुढे काढलेल्या नकाशांत हा प्रांत उजवीकडे नेण्यात आला. बॉम १९०८ साली आपल्या कथांचे खेळ पडद्यावर दाखवीत असत. त्यासाठीच्या काचेच्या चित्राची उलटी बाजू पाहून नकाशा उतरविला गेला असावा, असा एक तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही. पण चूक कशी घडली असेल हे तो सांगतो, आणि केवळ नामसादृश्यावर उभारलेल्या तर्कांपेक्षा तो नक्कीच बरा.

नामसादृश्याचा मोह किती अनावर असतो पाहा. सांताक्लॉजच्या चरित्रात बुर्झी अरण्यातील वनदेवतांची राणी झुर्लिन आहे. झिक्सीच्या कथेत त्याच अरण्यात पऱ्यांची राणी ल्युलिया येते. आणि १९१८ च्या ऑझकथेत त्या देशाला जादूचा देश करणारी परीराणी आहे लुर्लाइन. ल्युलिया आणि लुर्लाइन या एकच, किंवा तिघी एकाच कुळातल्या, असे काही वाचक मानतात. बुर्झी अरण्य नकाशात वाळवंटापलीकडे आहेच, मग शंका कशाला?

शंका आहे ती अशी. सांताक्लॉजच्या चरित्राचा प्राण त्याच्या मर्त्यपणात आहे. बुर्झीत वाढलेला तो मानवपुत्र वृद्ध होतो, मृत्यू जवळ येऊन ठेपतो, आणि अमरत्वाचे एकमेव वस्त्र त्याला द्यावे की नाही, याचा विचार करण्यास अमरांची सभा भरते. उलट १९१८ च्या कथेप्रमाणे लुर्लाइनने मंत्रिलेल्या ऑझमध्ये कोणी म्हातारे होत नाही, कोणी मरत नाही. राणी एकच असेल, तर वाळवंटाच्या अलीकडे अख्ख्या प्रजेला तिने सहज दिलेली देणगी पलीकडे, तिच्या स्वतःच्या अरण्यात, एका म्हाताऱ्यासाठी इतकी दुर्मिळ का व्हावी? जादूची हद्द वाळवंटापाशी संपते, असे उत्तर देता येते, आणि भूगोल त्याने सावरतोही. पण ती सभा वाचताना अंगावर जो काटा येतो, तो शेजारच्या देशात मरणच नाही हे ठाऊक झाल्यावर येईनासा होतो. तेवढी किंमत देण्याजोगा हा दुवा नाही.

बॉम यांनी स्वतः तो जोडलेला नाही. १९०९ च्या त्या मेजवानीनंतर जादूगाराने साबणाचे टणक फुगे करून पाहुण्यांना त्यांत बसविले आणि आपापल्या मुलखी धाडले. सांताक्लॉजही तसाच वाळवंट ओलांडून घरी परतला.