घरातील शुद्ध पाणी आणि परवानाधारक प्लंबर



20 मार्च 1927 रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन प्राशन केले. तळे सार्वजनिक होते, तरीही त्यावरचा आपला हक्क न्यायालयात कायम होण्यास 17 मार्च 1937 चा मुंबई हायकोर्टाचा निकाल उजाडावा लागला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे! आज रबाळ्यात आपल्या घरोघरी नळ आहे. परंतु त्या नळाचे पाणी आपल्या मुलांच्या पेल्यापर्यंत शुद्ध पोहोचते की नाही, हे आपण किती जण पाहतो? या लेखात आम्ही त्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

नवी मुंबई महानगरपालिकेचे पाणी खालापूर तालुक्यातील धावरी नदीवरच्या मोरबे धरणातून येते व भोकरपाडा येथे शुद्ध केले जाते. आपल्या शेजारच्या औद्योगिक पट्ट्यात एम.आय.डी.सी. बारवी धरणाचे पाणी आणते. दोन्हीकडे पाणी गाळून, त्यात क्लोरिन मिसळून मगच सोडले जाते. मग बिघडते कोठे? पुष्कळदा ते शेवटच्या काही फुटांत बिघडते. गल्लीतील गटाराशेजारून गेलेला गंजका पाइप, सैल सांधा, झाकण नसलेली टाकी, ओट्याखाली कोणीतरी घाईने मारलेला तोटा, ही ती ठिकाणे होत.

यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. पाणी दाबाने वाहत असते तेव्हा सैल सांध्यातून ते बाहेर गळते. पुरवठा बंद झाला की पाइपातील दाब उतरतो आणि त्याच सांध्यातून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. नळाला थेट पंप जोडणारी मंडळी ही ओढ आणखी वाढवतात. पंप केवळ आपल्या वाट्याचे पाणी खेचत नाही, तर गटारातील पाणीही शेजाऱ्याच्या नळात आणू शकतो. म्हणून असा पंप लावणे हा नियमभंग तर आहेच, शिवाय शेजारधर्मालाही ते सोडून आहे.

1933 साली अमेरिकेतील शिकागो शहरात जागतिक प्रदर्शन भरले असता आमांशाची मोठी साथ पसरली. सुमारे चौदाशे लोक आजारी पडले आणि शंभराच्या जवळपास दगावले. शोध घेता दोन हॉटेलांतील सदोष नळकामातून सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळल्याचे आढळले. शहराचे पाणी चांगले असूनही इमारतीतील नळकाम चुकल्याने माणसे मेली, हा धडा जगाने तेव्हा घेतला.

आता घरगुती जलशुद्धीकरण यंत्राकडे वळू. जाहिरात पाहून यंत्र आणण्यापूर्वी आपल्या पाण्यात दोष कोणता, हे पाहावे. आर.ओ. यंत्र अतिसूक्ष्म पडद्यातून पाणी दाबून विरघळलेले क्षार काढते. बोअरवेलच्या खाऱ्या पाण्याला ते उपयोगी आहे. धरणाच्या पाण्यात मात्र क्षार सहसा कमी असतात. भारतीय मानक 10500 नुसार पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले घटक स्वीकारार्ह आहेत. त्याहून कमी असलेल्या पाण्यासाठी आर.ओ. वापरण्यास बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये केंद्र सरकारला सांगितले, कारण या यंत्रात एक लिटर पाण्यामागे कित्येकदा दोन-तीन लिटर पाणी मोरीत जाते. जंतूंची भीती असेल तर अतिनील किरणांचे, म्हणजे यू.व्ही. यंत्र किंवा विजेवाचून चालणारे यू.एफ. यंत्र पुरते. यू.व्ही.ला मात्र गढूळ पाणी चालत नाही. क्षार मोजणारे छोटे मीटर जंतू दाखवत नाही, हेही विसरू नये. आणि ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. पाणी गाळून खळखळ उकळावे, निदान एक मिनिट उकळी राहू द्यावी आणि झाकून ठेवावे.

यंत्र कोणतेही घ्या, ते घराच्या पाइपाला जोडावे लागते. भिंतीवर यंत्र टांगणे कंपनीच्या माणसाचे काम. परंतु पाइप कापणे, टी घालणे, नळजोडणी बदलणे हे परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्यावे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात (1949) प्लंबरला परवाना देण्याची तरतूद आहे. परवाना असलेल्या माणसाला काम बिघडल्यास जाब विचारता येतो. नाक्यावरून आणलेला माणूस दुसऱ्या दिवशी सापडेलच असे नाही. शंभर-दोनशे रुपये वाचविण्यासाठी घरात कावीळ किंवा टायफॉइड आणला, तर औषधोपचाराचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो, आणि मुलाची परीक्षा बुडते ती वेगळीच.

सभासदांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

1. काम देण्यापूर्वी परवाना पाहावा. त्यावरील नाव आणि मुदत तपासावी. शंका आल्यास महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात विचारावे.

2. मजुरी आणि सामानाचा खर्च आधी लिहून घ्यावा व काम झाल्यावर बिल घ्यावे.

3. पाइप आणि चाव्या आय.एस.आय. शिक्क्याच्या असाव्यात. यंत्रापूर्वी स्वतंत्र चावी बसवावी, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी सर्व घराचे पाणी बंद करावे लागत नाही.

4. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची नळी मोरीच्या भोकात खुपसू नये. तिचे टोक आणि सांडपाणी यांत मोकळे अंतर ठेवावे, अन्यथा घाण मागे ओढली जाऊ शकते. ते पाणी बादलीत धरून लादी पुसण्यास वापरता येते.

5. काम संपल्यावर पूर्ण दाबाने पाणी सोडून प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून पाहावा. कागद ओला झाला तर सांधा पुन्हा करून घ्यावा. त्यानंतरच मजुरी चुकती करावी.

6. टाकी वेळोवेळी धुवावी. यंत्राच्या कॅन्डल ठरल्या मुदतीत बदलाव्यात. न बदललेली कॅन्डल जंतूंचेच घर होते.

विद्यार्थी मित्रांना एक सांगावेसे वाटते. प्लंबर हा आय.टी.आय.मधील एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. दाब, उतार, मोजमाप यांचे ज्ञान त्यात लागते. ज्या समाजाला पाण्याला शिवू दिले जात नव्हते, त्या समाजातील मुलाने शिकून, परवाना मिळवून चार घरांपर्यंत शुद्ध पाणी पोहोचवावे, याहून चांगली सम्यक आजीविका कोणती?

भगवान बुद्धांनी ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता पारखून घेण्यास सांगितले. यंत्राची जाहिरात, कारागिराचा शब्द आणि पेल्यातील पाणी, तिन्ही आपण पारखून घेऊ या. चवदार तळ्यावर मिळविलेला हक्क आपल्या ओट्याखालच्या एका सैल सांध्यातून गळू देऊ नये, एवढीच नम्र विनंती.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!