द्राक्षाची साल आणि वाइनची चव

वाइनची ओळख करून घेऊ पाहणारा नवखा माणूस बहुधा बाटलीवरच्या फ्रेंच नावांनीच बिचकतो. वस्तुतः त्या नावांपेक्षा गोड, आंबट आणि तुरट या तीन चवी वेगवेगळ्या ओळखता येणे सुरुवातीला अधिक उपयोगाचे ठरते, कारण यांपैकी प्रत्येक चवीमागे द्राक्षबागेत किंवा वाइनरीत घडलेले काही निश्चित कारण असते.

रसातील साखरेचे यीस्ट या सूक्ष्म बुरशीमुळे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर होते, यालाच किण्वन म्हणतात. घरोघरी औषधांच्या कपाटात मानाने बसलेले द्राक्षासवही याच क्रियेतून तयार होते. लिटरभर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का मद्यार्क निर्माण होत असल्याने, १२ ते १४ टक्के मद्यार्काच्या वाइनसाठी द्राक्षे खाण्याच्या द्राक्षांहून बरीच गोड व्हावी लागतात. ही साखर जवळजवळ पूर्ण संपू दिली तर ‘ड्राय’ वाइन मिळते आणि किण्वन मध्येच थांबवले तर गोडवा शिल्लक राहतो.

तुरटपणाचा उगम सालीत आहे. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस जवळपास रंगहीन असतो. रंग असतो तो सालीत, म्हणून रेड वाइनसाठी रस साली-बियांसह आंबवतात, व्हाइट वाइनसाठी तो आधीच पिळून वेगळा काढतात, तर रोझेसाठी सालीचा सहवास काही तासांपुरता ठेवतात. रंगाबरोबरच साली-बियांतून टॅनिन नावाची द्रव्ये उतरतात आणि ती लाळेतील प्रथिनांशी बांधली गेल्यामुळे कडक कोरा चहा प्यायल्यावर होते तशी जीभ खरखरीत होते. वाइन फार थंड केली की हा तुरटपणा बोचू लागतो, म्हणून रेड वाइन १५ ते १८ अंश सेल्सियसला देतात. मात्र ती खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातील गार घरांना धरून दिलेला आहे, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात तो शब्दशः पाळणे म्हणजे वाइनवर अन्यायच होय. तेथे रेडची बाटलीही थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवणे इष्ट.

आंबटपणाचे गणित हवामानाशी बांधलेले असून नाशिक परिसरात ते विशेष लक्षात येते. युरोपात वेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जातो आणि तोडणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. नाशिकला तशी सुप्तावस्था नसल्याने एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी अशा दोन छाटण्यांतून वर्षाला एकच पीक घेतात व ते साधारण जानेवारी ते मार्च या काळात तोडतात. थंड रात्रींमुळे मण्यांतील आम्ल टिकते, तर ऊन तापू लागले की मॅलिक आम्ल झपाट्याने घटते आणि वाइन बेचव, जड लागते. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातील शेनिन ब्लाँ ही जात उष्णतेतही आम्ल बऱ्यापैकी राखते, आणि नाशिकमध्ये ती रुजली याचे एक कारण तिच्या या गुणात शोधता येते.

वाइन जितकी जुनी तितकी उत्तम, हा समज मात्र सोडलेला बरा. भरपूर टॅनिन, आम्ल किंवा साखर असलेल्या मोजक्याच वाइन वर्षानुवर्षे सुधारतात. बाजारातील बहुसंख्य बाटल्या, विशेषतः हलक्या व्हाइट वाइन, एक-दोन वर्षांतच संपवायच्या असतात. बाटली उघडल्यावर तर हवेतील प्राणवायू आणि ॲसिटोबॅक्टर जिवाणू मिळून मद्यार्काचे हळूहळू व्हिनेगर करू लागतात, त्यामुळे उरलेली वाइन घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-चार दिवसांत संपवावी.