चहाचं टेबल कुठे आहे ते आधी बघा

प्रदर्शनाच्या तयारीवर आपण बोलायला लागलो, तसा गटांकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा यायला लागला: स्टॉलची जागा कोण ठरवतं आणि कशावरून? उमेदच्या सरसमध्ये गटांची निवड जिल्ह्याकडून होते. तिथे आपल्या हातात फारसं नसतं. पण खासगी प्रदर्शनात जागा विकत घ्यावी लागते, आणि तिथेच आपण फसतो.

आमचंच सांगतो. एका प्रदर्शनाचं बुकिंग आम्ही फोनवर केलं. "ताई, अगदी मधली जागा आहे," असं पलीकडून सांगितलं आणि आम्ही पैसे भरून मोकळ्या झालो. जागा खरंच मधली होती. पण समोर जाडजूड खांब, आणि बाजूला जनरेटरकडे जायचं दार. लोणच्याच्या अर्ध्याअधिक बरण्या परत आल्या. नकाशा आम्ही मागितलाच नव्हता.

ही जागेची गोष्ट आम्हाला नीट कळली ती मात्र कॉम्प्युटरवाल्यांकडून. नवी मुंबईत ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यात या कंपन्यांची मोठमोठी कार्यालयं आहेत. वाशी स्टेशनजवळ सिडकोचं प्रदर्शन केंद्र आहे. पनवेलहून, ठाण्याहून किंवा सीएसएमटीहून लोकलने थेट वाशीला उतरता येतं. अशा ठिकाणी तंत्रज्ञानाची परिषद भरते, तेव्हा एका हॉलमध्ये भाषणं चालतात आणि शेजारी कंपन्यांचे स्टॉल असतात.

आता गंमत बघा. लोक येतात भाषणं ऐकायला. भाषण चालू असताना स्टॉलवर कुत्रंही फिरकत नाही. चहाची सुट्टी झाली की सगळे एकदम बाहेर पडतात. मग जाणते आयोजक काय करतात? चहा आणि जेवण दाराशी न ठेवता स्टॉलच्या पार मागच्या टोकाला ठेवतात. चहासाठी का होईना, माणूस शेवटच्या स्टॉलवरून जातोच. हे ते दयेपोटी करत नाहीत. हॉलच्या भाड्याचा मोठा वाटा स्टॉलवाल्यांच्या आणि प्रायोजकांच्या पैशातून निघतो. कोपऱ्यातला स्टॉलवाला रिकामा बसला, तर पुढच्या वर्षी तो येणार नाही.

म्हणून आयोजकाचं काम नकाशापासून सुरू होतं. हॉल आखून त्याचे तुकडे पाडतात. नेहमीचा स्टॉल 3 मीटर लांब, 3 मीटर रुंद, म्हणजे 9 चौरस मीटर. आपल्या हिशोबाने 97 चौरस फूट. तयार स्टॉल घेतला तर तीन बाजूंना भिंती, वर नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, थोडे दिवे आणि एक प्लग असं साधारण मिळतं. मोठ्या कंपन्या नुसती मोकळी जमीन घेतात आणि आपल्या सुताराकडून स्टॉल बांधून घेतात. कोपऱ्याचा स्टॉल दोन बाजूंनी उघडा असतो, म्हणून त्याचे जास्त पैसे पडतात. दाराजवळच्या जागा बहुधा प्रायोजकांना आधीच गेलेल्या असतात. नव्या, छोट्या कंपन्यांना नुसतं एक टेबल आणि फलक एवढी स्वस्त जागा देतात. आपल्यासारख्या दोन गटांनी मिळून एक स्टॉल घ्यायचा असेल, तर चालेल का हे आधीच विचारावं. काही ठिकाणी चालत नाही.

दर चौरस मीटरवर सांगतात, आणि कर त्यात नसतो. समजा दर 5,000 रुपये आहे. 9 मीटरचे झाले 45,000. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 8,100. एकूण 53,100. ज्या गटाने 45,000 धरून घरून पैसे काढले, त्याची तिथेच ओढाताण होते.

स्टॉल पक्का झाला की आयोजक एक पुस्तिका देतात. ती न वाचणं ही सगळ्यात महाग चूक. नावाची पट्टी कशी लिहायची हे कळवायची शेवटची तारीख, माल आत न्यायची वेळ, गाडी कुठल्या दाराने येणार, किती जणींना पास, वीज किती, हे सगळं त्यात असतं. विजेचं तर नीट बघा. रात्री हॉल बंद झाला की बहुतेक ठिकाणी वीजही बंद करतात. तुमचं श्रीखंड फ्रीजमध्ये असेल तर चोवीस तासांची वेगळी लाइन आधीच सांगून घ्यावी लागते, आणि तिचे पैसे वेगळे. तीच गत नेटची. हजारो फोन एका छपराखाली आले की नेट अडकतं. म्हणून कंपन्या तारेचं कनेक्शन मागवतात. आपल्याला तेवढं नको. क्यूआर कोड दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमवर चालेल अशी सोय करा, आणि सुट्टे पैसे जवळ ठेवा.

आणखी एक गोष्ट. कॉम्प्युटरवाले स्टॉलवर काहीच विकत नाहीत! येणाऱ्याच्या गळ्यातल्या पासवर कोड असतो. तो मशीनने टिपला की नाव, कंपनी, फोन नोंदला जातो. नंतर फोन करून सौदा ठरतो. आपण मात्र संध्याकाळी गल्ला मोजतो आणि खूश होतो किंवा हिरमुसतो. पाव किलो मसाला घेऊन "महिन्याला किती देऊ शकाल?" असं विचारणारा हॉटेलवाला गल्ल्यात दिसत नाही. आम्ही आता स्टॉलवर एक वही ठेवतो. नाव, फोन, काय हवं, किती हवं. घरी आल्यावर दोन दिवसांत फोन. आठवडा गेला की तो माणूस तुम्हाला विसरलेला असतो.

तेव्हा पुढचं बुकिंग करताना म्हणा, "आधी नकाशा व्हॉट्सअॅपवर पाठवा." नकाशात दार शोधा, खांब शोधा, आणि चहाचं टेबल कुठे आहे ते विचारा. तालुक्याच्या बाजारात मांडणी तुमच्याच गटाकडे असेल, तर पाण्याचं पिंप आणि चहाची किटली सगळ्यात मागच्या स्टॉलपाशी ठेवून बघा.