चिऊचं घर आणि गॉथिक वाडा

पावसात वीज गेली की आमच्या हिंगणघाटच्या चौथीच्या वर्गात एकच गलका होतो, "मॅडम, भुताची गोष्ट!" मी आधी चिऊ-काऊची गोष्ट सांगते. पाऊस, वाहून गेलेलं शेणाचं घर, बंद दार, दारावर टकटक. मुलं हसतात.

गॉथिक कथेतही पाऊस, रात्र, बंद दार हेच असतं. मग फरक कुठे? चिऊच्या गोष्टीत संकट बाहेर असतं, घर आसरा देतं. गॉथिक कथेत घरच भीतीची जागा होतं, कारण जुनं पाप तिथेच दडलेलं असतं. होरेस वॉलपोलच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' (१७६४) या पहिल्या मानल्या जाणाऱ्या गॉथिक कादंबरीत आजोबांनी बळकावलेला किल्ला नातवाच्या मुळावर येतो. 'तुंबाड' (२०१८) चित्रपटात वाड्यासोबत हावही वारशाने मिळते.

हे समजावत असताना एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मले घरीच भेव लागते." तिला भुताचं नाही, रोजच्या भांडणाचं भय होतं.

पालकहो, मूल घाबरलं तर 'भित्रा' म्हणू नका. भीती बाहेरची की घरातली, एवढं जवळ घेऊन विचारा.