घेताना विकायचा हिशेब

कारखान्यांचा पट्टा पडला, की निरवांगीच्या आसपासच्या रस्त्यांवरून उसाच्या जोडट्रॉल्या दिसेनाशा होतात. कोयत्याच्या टोळ्या गावाकडे परततात, गव्हाणीपुढच्या रांगा मोडतात आणि हंगामभर रात्रंदिवस राबलेले ट्रॅक्टर गोठ्याशेजारी विसावतात. मग पंधरा-वीस दिवसांत त्यांतल्या एखाद्याच्या मडगार्डवर ताजा रंग चढतो. बोनेट चकाकते, सीटला नवे कव्हर येते, टायरला काळे पॉलिश लागते. जाणत्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. ट्रॅक्टर विकायला निघाला आहे.

निरवांगी हे नीरेच्या डाव्या तीरावरचे इंदापूर तालुक्यातले गाव. नदीपलीकडे सोलापूर जिल्ह्याचा माळशिरस तालुका. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि पुरंदर, बारामती, इंदापूरच्या दुष्काळी माळाला बागायतीची वाट सापडली. पुढे ऊस आला, साखर कारखाने आले. भवानीनगरचा छत्रपती, माळेगाव, शहाजीनगरचा नीरा-भीमा, बिजवडीचा कर्मयोगी अशी नावे या भागात लहान पोरालाही पाठ असतात. या साखळीत ट्रॅक्टरला दुहेरी काम असते. पावसाळ्याच्या तोंडावर नांगरट, सरी, रोटाव्हेटर आणि हंगामात ऊस वाहतूक. साहजिकच इथला ट्रॅक्टर फार राबतो आणि फार वेळा हात बदलतो.

देशात वर्षाला लाखो नवे ट्रॅक्टर विकले जातात. त्यांची चर्चा जाहिरातींत होते, कंपन्यांच्या ताळेबंदांत होते. जुन्या ट्रॅक्टरांचा बाजार मात्र चहाच्या टपरीवर, गॅरेजच्या लिंबाखाली आणि आता मोबाइलवरच्या फोटोंत भरतो. तिथे खरी विद्या एकच: आज घेतलेली वस्तू पाच-सहा वर्षांनी कोण घेईल आणि कितीला घेईल, हे आजच ओळखणे.

कृषी अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात याचे एक सरळ गणित असते. ट्रॅक्टरचे आयुष्य दहा वर्षे, वर्षाला हजार तास काम आणि दहा वर्षांनंतर उरणारी किंमत खरेदीच्या दहा टक्के. कागदावर ते सोयीचे आहे. बाजार मात्र सगळ्या ट्रॅक्टरांना एकाच मापाने मोजत नाही. एकाच वर्षी, एकाच ताकदीचे दोन ट्रॅक्टर शोरूममधून निघतात आणि सहा वर्षांनी त्यांच्या किमतीत लाखाचा फरक पडलेला असतो.

समजण्यापुरते आकडे धरून पाहू. एक ट्रॅक्टर आठ लाखांना घेतला, सहा वर्षांनी साडेचार लाखांना गेला. म्हणजे साडेतीन लाख झिजले, वर्षाला ५८ हजारांच्या आसपास. दुसरा, परिसरात फारसा न चालणारा, सवलतीत सात लाखांना मिळाला. घेताना लाख वाचल्याचा आनंद झाला. विकताना पावणेतीन लाखांच्या वर कोणी बोलेना. झीज सव्वाचार लाख, वर्षाला सुमारे ७१ हजार. वाचवलेला लाख गेलाच, वर पंच्याहत्तर हजार घेऊन गेला. तिसऱ्याने पहिल्याचाच जुना ट्रॅक्टर साडेचार लाखांना घेतला, चार वर्षे वापरून तीन लाखांना काढला. त्याची झीज वर्षाला अवघी साडेसदतीस हजार. मात्र मधे एकदा इंजिन बांधावे लागले आणि त्यात लाख रुपये गेले असतील, तर हाच आकडा साडेबासष्ट हजारांवर जातो. ट्रॅक्टर ऐन हंगामात गॅरेजला उभा राहिला, तर बुडालेल्या खेपांचा हिशेब आणखी वेगळा.

फेरविक्रीची किंमत ठरते ती आधी मिस्त्रीच्या हातात. ज्या ट्रॅक्टरचे क्लच प्लेट, ऑइल सील, इंजेक्टरचे नोजल तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि जो गावातला कोणीही फिटर डोळे झाकून खोलू शकतो, त्याला गिऱ्हाईक तुटत नाही. म्हणून या भागात एखाद्या गावात एकाच रंगाचे ट्रॅक्टर दाटीने दिसतात. एकाने घेतला, त्याला चांगला लागला, फिटरचा हात बसला, दुकानदाराने सुटे भाग ठेवले आणि पुढच्याने तोच घेतला. यात आंधळे अनुकरण कमी आणि विमा जास्त.

उलटे उदाहरण एचएमटीचे. हरियाणातल्या पिंजोरला १९७१ पासून झेटरच्या तंत्रावर हे ट्रॅक्टर बनू लागले. मजबूत यंत्र म्हणून त्यांचा लौकिक होता. पण कारखाना रुतत गेला आणि २०१६ मध्ये केंद्राने ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. यंत्र तेच, लोखंड तेच. पण मागे कंपनी उरली नाही की खरेदीदार सुट्या भागांच्या काळजीने हात आखडता घेतो. याउलट स्वराजचे झाले. १९७४ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्सने बाजारात आणलेले हे नाव २००७ मध्ये महिंद्राकडे गेले, पण नाव आणि यंत्रमालिका दोन्ही टिकले. मालकी बदलल्याने जुन्या स्वराजवाल्याची झोप उडाली नाही.

जनावरांच्या बाजारात बैल घेताना आधी जबडा उघडून दात पाहतात. दोन दाती, चार दाती, जुळलेला. वय लपवता येत नाही. ट्रॅक्टरचे दात म्हणजे तासमीटर, आणि हे दात बदलता येतात. मीटर बंद पाडता येते, नवे बसवता येते. शिवाय जुन्या यांत्रिक मीटरचा तास घड्याळाचा नसतो. तो इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला असतो. ठरलेल्या वेगावर इंजिन चालले तरच पूर्ण तास भरतो. मंद चालणाऱ्या यंत्राचा तास हळू सरकतो. त्यामुळे चार हजार तास हा आकडा एकटा काही सांगत नाही. ते तास कुठे गेले, हे विचारावे लागते.

त्याचे उत्तर ट्रॅक्टरच्या अंगावर असते. मागच्या टायरच्या नक्ष्या मधोमध घासून सपाट झाल्या असतील, तर तो शेतापेक्षा डांबरावर जास्त चालला आहे. म्हणजे ऊस वाहतूक. अशा ट्रॅक्टरचा क्लच, ब्रेक आणि गिअरबॉक्स नीट पाहावा लागतो. जोडट्रॉलीच्या ओढीने पुढची चाके हलकी होतात, त्यामुळे स्टेअरिंगची लूज आणि पुढच्या एक्सलची खडखडही तपासायची. भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यात चिखलणीला वापरलेला ट्रॅक्टर तितकाच वेगळा: त्याच्या एक्सलच्या सीलमधून चिखल-पाणी आत शिरलेले असू शकते. टायर नवे म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर सांगते तेवढे तास, क्लचच्या पेडलचा रबर सांगतो तेवढे तास आणि टायर सांगतात तेवढी वर्षे यांचा मेळ बसला पाहिजे.

मुरलेला गिऱ्हाईक सांगून येत नाही. तो पहाटे येतो, इंजिनावर हात ठेवतो. गरम असेल तर कोणीतरी आधीच चालू करून ठेवले आहे, म्हणजे थंडीत उचलताना ते कुरकुरत असणार. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उचलले, की तो धूर पाहतो. सतत काळा धूर असेल तर एअर फिल्टर किंवा इंजेक्टरचे काम. निळसर असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे, म्हणजे मोठा खर्च. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत जात असण्याची शंका. ब्रीदरमधून भकाभक वाफ येते का, डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ आहे का, हे त्याच झटक्यात पाहून होते. मग लिफ्टला नांगर अडकवून उचलायचा, इंजिन बंद करायचे आणि चहा प्यायला बसायचे. चहा संपेपर्यंत नांगर खाली बसला असेल तर हायड्रॉलिकचे काम निघाले. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. एक कप चहा पुरतो.

नवा ट्रॅक्टर घेणाऱ्यालाही हेच डोळे लागतात, फक्त उलट्या दिशेने. दिवाळी पाडव्याचा मुहूर्त शुभ खरा, पण कागदावर एक बारकावा असतो. पाडव्याला घेतलेला ट्रॅक्टर दोन महिन्यांत ‘गेल्या वर्षीचा’ होतो. पुढे विकताना पहिला प्रश्न ‘कोणत्या सालचा?’ हाच असतो, आणि नोव्हेंबरचा ट्रॅक्टर जानेवारीच्या ट्रॅक्टरपेक्षा एका सालाने जुना ठरतो. म्हणून काही जण पाडव्याला टोकन देतात आणि नव्या वर्षाच्या बनावटीची वाट पाहतात. दुकानदार डिसेंबरअखेर जुना साठा काढायला सूट देतो. ती सूट एका सालाच्या घसरणीहून मोठी असली तरच ती सूट. हौसेच्या खर्चाचेही तसेच. मोठा साउंड, झालर, लाइटची माळ, वेगळा रंग यांवर खर्चलेला रुपया परत येत नाही. मूळ रंग आणि कंपनीचे स्टिकर शाबूत असलेला ट्रॅक्टर उलट विश्वासाचा वाटतो. रंग ताजा दिसला की गिऱ्हाईक खाली काय झाकले आहे ते शोधू लागतो.

सरकारी निर्णयाचा झटका फेरविक्रीला एका रात्रीत बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करापूर्वी आठ लाखांचा ट्रॅक्टर असेल तर कराचे ९६ हजार जाऊन ४० हजार झाले. ५६ हजारांची बचत. नवे घेणाऱ्याच्या घरी आनंद झाला. पण ज्याने त्याच आठवड्यात आपला तीन वर्षांचा ट्रॅक्टर विकायला काढला होता, त्याच्या दारातले गिऱ्हाईक म्हणाले असणार, ‘एवढ्यात थोडी भर घालून नवाच घेतो की!’ नव्याची किंमत खाली आली की जुन्याला वर राहता येत नाही.

दुसरा निर्णय उलट्या बाजूने लागला. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. अशा यंत्रांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे इंजिन आले आणि किंमत चढली. धूर कमी झाला हे खरे, पण बिघाड शोधायला आता पान्याबरोबर स्कॅनरही लागतो. त्याआधीचा, साध्या यांत्रिक पंपाचा मोठा ट्रॅक्टर म्हणून फिटरला आणि पर्यायाने शेतकऱ्याला जवळचा वाटतो.

ही भावना इंदापूरपुरती नाही. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतले मक्याचे शेतकरी १९८०च्या आसपासचे जॉन डिअर लिलावात चढ्या भावाने घेत आल्याच्या बातम्या २०२० मध्ये गाजल्या होत्या. कारण तेच: बिघडला तर स्वतः खोलता येतो. नव्या यंत्रांच्या दुरुस्तीवर कंपनीने घातलेल्या बंधनांवरून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये जॉन डिअरवर दावाही दाखल केला. जुन्या वस्तूच्या बाजाराचा अर्थशास्त्रीय अभ्यास मात्र लपलेल्या दोषाच्या प्रश्नाभोवती फिरतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांचे उदाहरण घेऊन दाखवले, की दोष विकणाऱ्याला माहीत असतो आणि घेणाऱ्याला नसतो, तेव्हा घेणारा सगळ्यांनाच संशयाने कमी भाव देतो आणि चांगल्या वस्तूचा मालक बाजारातून बाहेर पडतो. त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळाले. निरवांगीत या संशयावरचा उतारा म्हणजे ओळख. भावकीतला, पाहुण्यांतला, शेजारच्या शिवारातला ट्रॅक्टर दोन पैसे जास्त देऊन घेतला जातो, कारण तो कसा चालला हे डोळ्यांनी पाहिलेले असते.

यंत्र पटले, भाव ठरला, विसार दिला, की बहुतेकांना व्यवहार संपल्यासारखा वाटतो. खरी खोट इथेच निघते. हप्त्यांवर घेतलेला ट्रॅक्टर असेल तर आरसी बुकावर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असतो. तो उतरवण्यासाठी कर्जफेडीचा दाखला आणि फॉर्म ३५ लागतो. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. मोटार वाहन कायद्यातील कलम ५० प्रमाणे एकाच राज्यातल्या विक्रीत विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ‘पुढं बघू’ म्हणणारे दोघेही अडकतात. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी स्पष्ट केले, की वाहन तीन-चार हातांत फिरले तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीवर ज्याचे नाव आहे त्याच्यावर. उसाच्या रस्त्यावर रात्री जोडट्रॉली चालवणाऱ्या भागात हा निकाल फार दूरचा नाही. ट्रॉलीची नोंद वेगळी असते, ती विसरून चालत नाही.

निरवांगीहून नीरा ओलांडली की जिल्हा बदलतो आणि पाट्याही बदलतात. अलीकडे बारामतीची एमएच-४२, पलीकडे अकलूजची एमएच-४५. अलीकडचा ट्रॅक्टर पलीकडच्या नोंदीत जायचा तर कागद पुरे हवेत. म्हणून सावध विकणारा नव्या मालकाला किल्ली देण्याआधी मोबाइलवर तासमीटरचा आणि सह्या केलेल्या कागदांचा फोटो काढून ठेवतो. मग ट्रॅक्टर पुलावरून माळशिरसकडे उतरतो. रिकाम्या गोठ्याशेजारी उभा असलेला जुना मालक आणि त्याचा फिटर दोघेही तो दिसेनासा होईपर्यंत पाहतात, आणि पुढचा कोणता घ्यायचा ही चर्चा तिथेच सुरू होते. कंपनी कोणती, एचपी किती, हप्ता केवढा हे नंतर निघते. फिटर आधी विचारतो, ‘दादा, त्याला पुढं गिऱ्हाईक हाय का?’